एक गोष्ट, दोन सिनेमे, दोन चेहरे: 'इमिटेशन ऑफ लाइफ' कसा वाचायचा?

एमएच्या प्रबंधासाठी किंवा पीएचडीच्या सिनॉप्सिससाठी सिनेमा घ्यायचा म्हटलं की एक शीर्षक हमखास समोर येतं: 'हॉलिवूड चित्रपटांतील वंशविषयक साचेबद्ध प्रतिमांचा अभ्यास'. विषय महत्त्वाचा आहे, त्यात वादच नाही. गाडी अडते ती पुढे. पंधरा-वीस सिनेमे निवडले जातात, प्रत्येकातली कृष्णवर्णीय, आशियाई किंवा मूळ अमेरिकन पात्रं वेचली जातात आणि प्रत्येकाला 'सकारात्मक' किंवा 'नकारात्मक' असं लेबल लागतं. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष येतो की पूर्वी चित्रण वाईट होतं, आता बरंच सुधारलंय, पण अजून पुष्कळ वाटचाल बाकी आहे. हा निष्कर्ष एकही सिनेमा न बघता लिहिता आला असता. मग संशोधन कशाला केलं?

म्हणून आज एकच गोष्ट घेऊ. ती हॉलिवूडने दोनदा सांगितली, 1934 मध्ये आणि 1959 मध्ये. दोन्ही वेळा स्टुडिओ युनिव्हर्सल, नाव तेच, 'इमिटेशन ऑफ लाइफ'. मूळ कादंबरी फॅनी हर्स्टची, 1933 सालची. पहिला सिनेमा जॉन स्टालचा, दुसरा डग्लस सर्कचा. दोन्हींना अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत जागा मिळाली आहे. 'चित्रण सुधारलं का?' हा प्रश्न या जोडीला विचारला तर उत्तर पटकन मिळतं आणि ते चुकीचं असतं. ते चुकीचं का, हे पाहायचंय.

आधी गोष्ट काय आहे

एक गोरी विधवा, तिची लहान मुलगी. एक काळी बाई, तिचीही लहान मुलगी. परिस्थितीने चौघी एका घरात येतात. गोरी बाई पुढे श्रीमंत होते, काळी बाई तिच्या घरी राबत राहते. काळ्या बाईच्या मुलीची कातडी इतकी उजळ आहे की अनोळखी माणसाला ती गोरीच वाटते. मुलगी मोठी होते, गोरी म्हणून जगायचं ठरवते आणि त्यासाठी आईला नाकारते. आई झुरून मरते. मुलगी अंत्ययात्रेला धावत येते आणि शवपेटीपाशी कोसळते.

गोरं म्हणून 'खपून जाण्याच्या' या प्रकाराला अमेरिकेत पासिंग म्हणतात. आपण तोच शब्द वापरू, कारण 'वेषांतर' किंवा 'तोतयेगिरी' म्हटलं की शब्दातच दोषारोप येतो.

पासिंग समजायला थोडा कायदा माहीत हवा. अमेरिकेत वंश ठरायचा तो रंगावरून नव्हे, वंशावळीवरून. होमर प्लेसी याच्या आठ पणजी-पणजोबांपैकी सात गोरे होते, तरी लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली. त्याच्याच खटल्यात 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केलं. 1924 मध्ये व्हर्जिनियाने केलेल्या कायद्यात 'एक थेंब रक्त' हाच निकष होता. 1930 च्या जनगणनेत 'मिश्र' हा रकानाच काढून टाकला. म्हणजे माणूस एक तर गोरा, नाही तर काळा. मधलं काही नाही.

आता गंमत बघा. कायदा म्हणतो, डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका, रक्त बघा. सिनेमाकडे मात्र डोळ्यांना दिसतं तेवढंच असतं. रक्त कॅमेऱ्यात येत नाही. त्यामुळे पासिंगची गोष्ट पडद्यावर आणायची म्हटली की दिग्दर्शकाला एक प्रश्न टाळता येत नाही: गोरी दिसणारी काळी मुलगी म्हणून उभं कोणाला करायचं? आपला सगळा लेख या प्रश्नाभोवती फिरणार आहे.

यादी कुठपर्यंत नेते

साच्यांच्या याद्या निरुपयोगी आहेत, असं माझं म्हणणं नाही. कवी आणि समीक्षक स्टर्लिंग ब्राऊन याने 1933 मध्येच गोऱ्या लेखकांच्या साहित्यातल्या कृष्णवर्णीय पात्रांचे सात साचे दाखवून दिले होते. त्यातला एक म्हणजे 'ट्रॅजिक म्युलाटो': मिश्र रक्ताची, देखणी, दोन्हीकडून तुटलेली आणि शेवटी दुःखातच संपणारी व्यक्ती. ('म्युलाटो' हा शब्द आज अपमानास्पद मानतात, फक्त साच्याचं नाव म्हणून वापरायचा.) 1973 मध्ये डोनाल्ड बोगलने अमेरिकन सिनेमातल्या कृष्णवर्णीय भूमिकांचा इतिहास पाच साच्यांत मांडला. त्यात 'मॅमी' आहे: लठ्ठ, हसतमुख, गोऱ्या घराला वाहून घेतलेली, स्वतःचं काही न मागणारी बाई.

या याद्या घेऊन 1934 चा सिनेमा पाहिला की काम दहा मिनिटांत संपतं. आई डिलायला म्हणजे मॅमी, मुलगी पिओला म्हणजे ट्रॅजिक म्युलाटो. झालं. 1959 च्या सिनेमात आई ॲनी, मुलगी सारा जेन. पुन्हा तेच दोन साचे. मग दोन्ही सिनेमे सारखेच का? पाहणाऱ्या कोणालाही ते सारखे वाटत नाहीत. यादी जे पकडत नाही, ते नेमकं काय?

रॉबर्ट स्टॅम आणि लुईझ स्पेन्स यांनी 1983 मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पात्र चांगलं की वाईट एवढंच तपासत बसलात तर सिनेमा हातातून निसटतो. कॅमेरा कोणाच्या बाजूने बघतो, फ्रेममध्ये मध्यभागी कोण आहे, कोणाच्या दुःखावर संगीत वाजतं, कोणाच्या वाट्याला क्लोज-अप येतो, हे तपासायला हवं. या यादीत मी आणखी दोन गोष्टी घालेन: भूमिका कोणाला दिली, आणि गोष्टीत पैसा कुठून कुठे जातो.

1934: पॅनकेक, जिना आणि पिओलाचा चेहरा

पैशापासून सुरुवात करू. बी पुलमन (क्लॉडेट कोल्बेर) दारोदार मेपल सिरप विकते. डिलायला (लुईझ बीव्हर्स) तिच्याकडे फक्त राहायला जागा आणि जेवण यांवर कामाला राहते. डिलायलाच्या घरात पिढीजात चालत आलेली पॅनकेकची कृती आहे. त्या कृतीवर बी दुकान काढते, मग तयार पिठाची खोकी विकते आणि करोडपती होते. खोक्यावर चित्र असतं डिलायलाचं. चित्रासाठी बी तिला हसायला सांगते आणि डिलायला दात दाखवत ते हसू तसंच धरून ठेवते.

1934 च्या प्रेक्षकाला हे कुठून आलं ते सांगायची गरज नव्हती. 'आंट जेमायमा' या पॅनकेक पिठाच्या खोक्यावर हसणारी काळी बाई 1890 च्या दशकापासून होती. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन ही गुलामगिरीत जन्मलेली बाई त्या वेषात पॅनकेक भाजून दाखवत होती. ते नाव आणि ते चित्र बाजारातून गेलं थेट 2021 मध्ये.

सिनेमात बी डिलायलाला नफ्यातले 20 टक्के देऊ करते. आता तुला स्वतःचं घर घेता येईल, असं सांगते. डिलायला घाबरते. मला हाकलताय का, असं विचारते. तिला बीच्याच घरात राहून सेवा करायची आहे. स्टर्लिंग ब्राऊनने 1935 मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकात या सिनेमाची चिरफाड केली, त्यात रोख अशाच गोष्टींवर होता. हर्स्टने त्याच मासिकात उत्तर दिलं. तो वाद आजही वाचण्यासारखा आहे. 1938 मध्ये लँग्स्टन ह्यूजने तर या सिनेमाचं विडंबनच लिहिलं, त्यात काळी बाई मालकीण आणि गोरी बाई तिची नोकर.

पण कॅमेरा काय करतो ते बघा. रात्र झालेली असते. दोघी बोलत जिन्यापाशी येतात. बी जिना चढून वर जाते, डिलायला त्याच जिन्याने खाली, तळघरातल्या खोल्यांकडे जाते. एकाच फ्रेममध्ये दोन दिशा. संवाद सांगतो, 'या दोघी मैत्रिणी आहेत', आणि जिना सांगतो, ज्या घराचा पैसा डिलायलाच्या कृतीतून आला त्याच घरात ती खाली राहते. दिग्दर्शकाने हे मुद्दाम टीका म्हणून केलं का, हे सिद्ध करायची गरज नाही. शॉट आहे आणि तो संवादाला खोटं पाडतो, एवढं दाखवता आलं की पुरे.

आता पिओला. ही भूमिका केली फ्रेडी वॉशिंग्टनने. ती स्वतः कृष्णवर्णीय होती आणि इतकी गोरी दिसायची की 'द एम्परर जोन्स' (1933) मध्ये तिला गडद मेकअप लावावा लागला, नाही तर पॉल रोबसन गोऱ्या बाईला जवळ घेतोय असं दिसलं असतं! प्रत्यक्ष आयुष्यात गोरी म्हणून वावरायला तिने कायम नकार दिला. 1937 मध्ये निग्रो ॲक्टर्स गिल्ड उभारण्यात ती पुढे होती, पुढे 'पीपल्स व्हॉइस' या हार्लेममधल्या वर्तमानपत्रात तिने नाटक-सिनेमावर स्तंभ लिहिला.

या निवडीने पडद्यावर काय घडतं? पटकथा पिओलाला रागे भरते. आईला नाकारणारी कृतघ्न पोरगी, असं तिचं चित्र उभं करते. पण तो संवाद चालू असताना आपल्यासमोर जो चेहरा असतो, तो कायद्याने काळा आणि डोळ्यांना गोरा असलेल्या खऱ्या स्त्रीचा आहे. प्रेक्षकाला विचारावंसं वाटतं: मग ही रेषा आहे तरी कुठे? ती हिच्या चेहऱ्यावर तर नाही. पिओला आरशासमोर उभी राहून विचारते की मी गोरी दिसत नाही का, तेव्हा प्रामाणिक उत्तर 'दिसतेस' असंच असतं. सिनेमा तिला दोष देतो, पण पुरावा तिच्या बाजूने उभा असतो.

हे तेव्हाच्या सेन्सॉर यंत्रणेच्याही लक्षात आलं होतं. हॉलिवूडचा प्रॉडक्शन कोड 1930 चा, पण त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली 1934 च्या उन्हाळ्यात, जोसेफ ब्रीनच्या हाताखाली. गोऱ्या-काळ्यांमधले शरीरसंबंध दाखवायला त्यात सरळ बंदी होती. या सिनेमात असा संबंध कुठेच नाही. तरी ब्रीनच्या कार्यालयाने हरकत घेतली, कारण पिओलाचा चेहराच सांगत होता की मागे कधीतरी, कुठल्यातरी पिढीत, तो संबंध घडला होता. म्हणूनच डिलायलाच्या तोंडी खुलासा येतो की पोरीचा बाप काळाच होता, फक्त रंगाने फार उजळ. पिओलामुळे एका काळ्या तरुणावर जमाव चालून जातो, असा प्रसंग सुरुवातीच्या पटकथेत होता, तोही गेला. सुझन कोर्टनी या अभ्यासिकेने या पत्रव्यवहारावर सविस्तर लिहिलंय. ज्यांना अर्काइव्हमध्ये काम करायचंय त्यांनी तिची पद्धत जरूर बघावी: सिनेमात जे दिसत नाही त्याचाही पुरावा कागदावर सापडतो.

1959: काय मिळालं, काय गेलं

सर्कचा सिनेमा रंगीत, झगमगीत. शीर्षकांच्या वेळीच पडद्यावर हिरे ओतत राहतात. लोरा (लाना टर्नर) इथे नटी आहे. ॲनी (जुआनिटा मूर) डिलायलापेक्षा कितीतरी गंभीर, सावध, स्वतःचा आब राखणारी बाई आहे. तिच्या बोलण्यात विनोदासाठी मोडलेलं इंग्रजी नाही. मॅमीच्या साच्यातून ती बरीच बाहेर आलेली आहे. मूरला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकनही मिळालं. 1934 मध्ये बीव्हर्ससाठी तशी सोयच नव्हती, कारण सहायक भूमिकांचे पुरस्कार सुरू झाले 1936 च्या सिनेमांपासून. यादी करणारा इथे खुणेची टिक मारेल: सुधारणा झाली.

आता पैसा बघा. पॅनकेक गायब! लोरा स्वतःच्या रूपाच्या आणि जिद्दीच्या जोरावर मोठी होते. ॲनी घर सांभाळते, मुली सांभाळते, दुखणं-खुपणं बघते. पण लोराची संपत्ती ॲनीच्या कशातून आली, हा प्रश्न आता उरतच नाही. 1934 मध्ये काळ्या बाईचं ज्ञान आणि चेहरा वापरून गोरी बाई श्रीमंत होते, हे कथेच्या पायातच होतं. ते निस्तरायला सिनेमाला 20 टक्क्यांचा ओशाळवाणा प्रसंग घालावा लागला होता. 1959 मध्ये शोषण जाऊन माया उरली. ॲनीला आब मिळाला, पण तिचं येणं मात्र पुसलं गेलं.

मुलींच्या आकांक्षाही ताडून बघा. घर सोडलेली पिओला एका दुकानात गल्ल्यावर बसते. साधी, पांढरपेशी नोकरी. सारा जेन घर सोडते आणि क्लबमध्ये पुरुषांसमोर नाचते. 1934 मधली मुलगी गोरेपणातून नोकरी मागते. 1959 मधल्या मुलीचं गोरेपण म्हणजे शरीराचं प्रदर्शन. ब्राऊन विरुद्ध बोर्ड खटल्याचा निकाल 1954 चा, माँटगोमेरीचा बस बहिष्कार 1955-56 चा. सिनेमातली गोष्ट 1947 ला सुरू होऊन पन्नाशीच्या शेवटापर्यंत येते, पण यातलं काहीही चौघींच्या घरात शिरत नाही. सारा जेनसमोर पर्याय दोनच: मोलकरणीची मुलगी व्हा, नाही तर नाचणारी गोरी पोरगी. चळवळ नाही, शिक्षण नाही, काळ्या मध्यमवर्गाचं अस्तित्वच नाही.

आणि चेहरा? सारा जेनची भूमिका केली सुझन कोनरने. तिची आई मेक्सिकन अभिनेत्री लुपिता तोवार, वडील बोहेमियातून आलेले ज्यू एजंट पॉल कोनर. म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात गोरी. तिलाही ऑस्कर नामांकन मिळालं आणि गोल्डन ग्लोब पुरस्कारही. काम तिने उत्तमच केलंय. पण परिणाम बदलला. गोऱ्या प्रेक्षकाला आता आतून एक दिलासा आहे: ही खरी काळी नाहीच, हा अभिनय आहे. फ्रेडी वॉशिंग्टनच्या चेहऱ्याने जो प्रश्न विचारला होता, तो विचारायला आता समोर कोणी उरलं नाही.

इथे लक्षात घ्या, 1956 मध्ये प्रॉडक्शन कोडमधली ती बंदी उठलेली होती. त्यामुळे 'नियमच तसा होता' हे कारण पुरत नाही. पासिंगच्या भूमिकेत गोरी नटी घ्यायची, हा तोवर पायंडाच पडला होता. 1949 च्या 'पिंकी' मध्ये जीन क्रेन होती. गोऱ्या नटीला गोऱ्या नटाच्या मिठीत दाखवणं निर्धोक, असा हा हिशेब. इतकं करूनही 'पिंकी' दाखवला म्हणून टेक्सासमधल्या मार्शल गावी थिएटरवाल्याला शिक्षा झाली आणि ती 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

मुंबईची मर्ल ओबेरॉन

या हिशेबाची दुसरी बाजू आपल्याकडून गेलेली आहे. मर्ल ओबेरॉनचा जन्म 1911 चा, मुंबईतला. मिश्र वंशाची मुलगी, कलकत्त्यात वाढली, मग लंडन आणि हॉलिवूड. जन्म टास्मानियात झाला, असं सांगून तिने सगळी कारकीर्द गोरी म्हणून काढली. 'द डार्क एंजल' (1935) साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, 'वुदरिंग हाइट्स' (1939) मध्ये ती नायिका होती. तिला वाढवणारी सावळी बाई लोकांसमोर तिची मोलकरीण म्हणून वावरत असे, असं तिच्याविषयी लिहिताना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. खरं काय ते जगाला कळलं तिच्या मृत्यूनंतर.

आता सर्कच्या सिनेमातला एक प्रसंग आठवा. ॲनी लेकीला शेवटचं भेटायला जाते. तेवढ्यात लेकीची मैत्रीण खोलीत येते आणि ॲनी स्वतःच सांगते की मी हिला लहानपणी सांभाळणारी बाई. पडद्यावर प्रेक्षक ज्या प्रसंगाला रडले, तसंच आयुष्य त्याच उद्योगातली एक मोठी नटी प्रत्यक्षात जगली होती. म्हणजे हॉलिवूडमध्ये पासिंग करणाऱ्या स्त्रिया होत्याच. उद्योगाला त्या गोऱ्या नायिका म्हणून चालत होत्या. पासिंग करणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगायची वेळ आली की मात्र भूमिका 'निर्धोक' गोरीकडे जायची.

सर्कच्या बाजूने

इथे थांबलो तर सर्कवर अन्याय होईल. तो हँबर्गचा. बायको ज्यू, म्हणून 1937 मध्ये जर्मनी सोडून निघालेला माणूस. रक्तावरून माणसाची किंमत ठरवणारं राज्य त्याने जवळून पाहिलं होतं. सत्तरच्या दशकात युरोपातल्या समीक्षकांनी आणि फासबिंडरसारख्या दिग्दर्शकांनी त्याचे सिनेमे पुन्हा वाचले, तेव्हा दिसलं की तो झगमगाटच टीकेचं हत्यार म्हणून वापरतो. लोराच्या घरात सगळं चकचकीत आणि सगळं नकली. तिला वर्षानुवर्षं कळत नाही की ॲनीला स्वतःचे मित्र-मैत्रिणी आहेत, चर्च आहे, मंडळं आहेत. ॲनी शांतपणे दाखवून देते की तुम्ही कधी विचारलंच नाही. मग अंत्ययात्रेत महालिया जॅक्सन गाते, रस्ते काळ्या माणसांनी भरून जातात, आणि लोराबरोबर आपल्यालाही कळतं की एक अख्खं जग दोन तास आपल्याला दाखवलंच गेलं नव्हतं.

आणखी एक बचाव होऊ शकतो. सारा जेन पाहुण्यांसमोर ट्रे डोक्यावर घेऊन, मुद्दाम दाक्षिणात्य काळ्या नोकराणीची बोली काढून वाढायला येते. म्हणजे काळेपण हाही एक अभिनय आहे, गोरेपण हाही. मग गोऱ्या नटीने ही भूमिका करणं उलट मुद्द्याला धरूनच नाही का? नटाचं रक्त तपासायला लागलो तर आपणही 'एक थेंब' वाल्यांच्याच रांगेत जाऊन बसत नाही का?

आक्षेप वजनदार आहे. माझं उत्तर असं: प्रश्न नटीच्या रक्ताचा नाही, प्रेक्षकाला काय माहीत असतं याचा आहे. जाहिराती, मासिकं, मुलाखती यांतून 1959 च्या प्रेक्षकाला कोनर कोण हे ठाऊक होतं, जसं 1934 मध्ये वॉशिंग्टन कोण हे ठाऊक होतं. ओळख हा अभिनय आहे, असं सर्क म्हणतो ते खरं, पण तो अभिनय संपवून घरी जायची मुभा एकीलाच होती. बॉयफ्रेंड फ्रँकी सारा जेनला गल्लीत मारतो, तो प्रसंग भीषण आहे. पण त्याची भीती प्रेक्षक ज्या चेहऱ्यावर पाहतो, त्या चेहऱ्याला ही भीती थिएटरबाहेर कधीच नव्हती. सर्कची टीका लोराच्या जगावर धारदार चालते. सारा जेनपाशी येऊन ती बोथट होते.

शेवटाकडेही बघा. कादंबरीतली पिओला परत येत नाही. ती गोऱ्या नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेत निघून जाते. दोन्ही सिनेमांनी तिला परत आणून शवपेटीपाशी रडायला लावलंय. 25 वर्षांचं अंतर, वेगळे दिग्दर्शक, वेगळे नियम, तरी हा बदल दोघांनीही केला. गेलेली आणि सुखाने जगणारी मुलगी हॉलिवूडला परवडत नव्हती. शिक्षा तरी हवी, नाही तर पश्चात्ताप. बेल हुक्स यांनी काळ्या स्त्रियांच्या विरोधी नजरेविषयी लिहिताना पिओलाच्या प्रतिमेचा उल्लेख केलाय, तो याच संदर्भात वाचावा. पडद्याने जिला दोषी ठरवलं तिच्यातच काही प्रेक्षक स्त्रियांनी स्वतःला पाहिलं होतं.

जात चोरणं आणि पासिंग

मराठी विद्यार्थ्याला इथे बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. जात लपवून परक्या गावात नोकरीला लागलेला तरुण, उघड झाल्यावर पडणारा मार. फ्रँकीचा प्रसंग आणि हा मार शेजारी ठेवावेसे वाटतात. जरूर ठेवा, पण 'वंश म्हणजेच जात' एवढ्यावर उडी मारू नका. पासिंग चेहऱ्यामुळे शक्य होतं. आपल्याकडे चेहरा सहसा काही सांगतच नाही. आडनाव, गाव, बोली, मोहल्ला सांगतात. म्हणून जात चोरायची तर चेहरा नाही, माहिती लपवावी लागते.

त्याहून मोठा फरक सांगणाऱ्याचा आहे. बागुलांच्या शीर्षकातच 'मी' आहे. चोरणारा स्वतः बोलतोय, आणि चोरी हा शब्द कोणाच्या नजरेतून आलाय हेही तो वाचकाला दाखवून देतो. दोन्ही 'इमिटेशन ऑफ लाइफ' मध्ये 'मी' नाही. पिओला आणि सारा जेन कायम आईच्या किंवा गोऱ्या मालकिणीच्या नजरेतून दिसतात. एकटी असताना त्या काय विचार करतात, हे सांगायला सिनेमा कधी थांबत नाही. रेबेका हॉलचा 'पासिंग' (2021) इथे उपयोगी पडेल. नेला लार्सनच्या 1929 च्या कादंबरीवरचा हा सिनेमा कृष्णधवल आहे, दोन्ही मुख्य भूमिकांत टेसा थॉम्पसन आणि रूथ नेगा या कृष्णवर्णीय अभिनेत्री आहेत, आणि गोष्ट या दोघींच्याच नजरांमध्ये घडते. पडद्यावरच्या करड्या छटांत कोण किती गोरं हे ठरवायला जाणारा प्रेक्षक स्वतःच अडकतो.

मग विषय कसा बांधायचा?

या सगळ्यातून तुमच्या कामाला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

एक, सिनेमे कमी घ्या आणि जोडीने घ्या. एकाच गोष्टीचे दोन अवतार असतील तर उत्तम, कारण बराचसा मजकूर स्थिर राहतो आणि काय बदललं ते नेमकं दिसतं.

दोन, 'सुधारलं की बिघडलं' असं विचारू नका. काय मिळालं आणि त्याच्या बदल्यात काय गेलं, असं विचारा. ॲनीचा आब आणि पॅनकेकचा हिशेब हे एकाच बदलाचे दोन भाग आहेत. एक सांगून दुसरा गाळलात तर निष्कर्ष अर्धा राहतो.

तीन, पडद्याबाहेरचा पुरावा गोळा करा: सेन्सॉरचा पत्रव्यवहार, त्या काळची परीक्षणं, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांतली, भूमिका कोणाला दिली आणि कोणाला नाकारली याची नोंद. 'समाजात असा समज होता' हे वाक्य लिहावंसं वाटलं की थांबा आणि तो समज कोणत्या कागदावर दिसतो ते शोधा.

चार, तुमच्या मांडणीवरचा सगळ्यात जोरदार आक्षेप तुम्हीच लिहा, तोही समोरच्याला पटेल इतक्या ताकदीने. सर्कचा बचाव वाचून तुमचं मत डळमळलं नाही, तर तो बचाव नीट लिहिला गेला नाही असं समजा.

सुरुवात करायची असेल तर दोन्ही सिनेमांतला शाळेचा प्रसंग सलग बघा. पाऊस किंवा बर्फ पडतोय म्हणून आई वर्गाच्या दाराशी येते, बाईंना मुलीचं नाव सांगते, बाई म्हणतात अशी कोणी काळी मुलगी इथे नाही. दोन्ही प्रसंगांत कॅमेरा आधी कोणाकडे वळतो, किती वेळ थांबतो आणि वर्गातल्या बाकीच्या मुली कुठे बघतात, एवढं वहीत उतरवा. दोन पानं भरतील, आणि तुमचा प्रश्न त्या दोन पानांत कुठेतरी असेल.